वेगाने पोहताना प्रौढ शरीरात काय बदलते?

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे तालुके पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतात. पाऊस कमी असला तरी घोड आणि भीमा या नद्या आणि त्यांच्या खोऱ्यांतील धरणांचे कालवे यांमुळे येथे बागायत उभी राहिली आणि गावोगाव विहिरी झाल्या. येथील माणूस पोहायला शिकतो तो बहुधा विहिरीतच. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधायचा, तो नसेल तर पत्र्याचा डबा, पुढच्या काळात ट्यूब, आणि मोठ्या भावाने काठावरून ढकलून द्यायचे. चार दिवसांत भीती जाते, आठवड्यात मूल तरंगू लागते, पुढे सूर आणि मुटके सुरू होतात.

या दोन तालुक्यांतील काही शिक्षकांनी आम्हाला एक प्रश्न विचारला आहे. लहानपणी विहिरीत पोहलेली ही मंडळी आता चाळिशीत आहेत आणि सवड मिळेल तसे तरणतलावावर जाऊ लागली आहेत. सावकाश पोहले तर अर्धा तासही दम लागत नाही. मात्र प्रौढांच्या स्पर्धेसाठी ५० मीटर वेगात मारायला गेले की पंधरा-वीस मीटरवर हात शिशासारखे जड होतात. हे वयामुळे होते का? सरावाने शरीर बदलते का? बदलत असेल, तर किती दिवसांत? प्रश्न साधे वाटतात, पण त्यांच्या उत्तरात पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि शरीरशास्त्र असे तिन्ही विषय येतात. शिवाय चुकीचे उत्तर गृहीत धरून सराव केला, तर खांदा कायमचा दुखावू शकतो किंवा त्याहून गंभीर प्रसंगही ओढवू शकतो. म्हणून हा विषय थोडा सविस्तर मांडत आहोत.

प्रथम पाण्याचा विचार करू. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असते. पाण्यातून पुढे जाणाऱ्या शरीराला होणारा अवरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शक्ती म्हणजे अवरोध गुणिले वेग, त्यामुळे लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आकडे घालून पाहा. एक शिक्षक ५० मीटर ६० सेकंदांत आरामात पोहतो. त्याचा वेग सेकंदाला ०.८३ मीटर. हेच अंतर त्याला ४० सेकंदांत कापायचे आहे, म्हणजे वेग १.२५ मीटर हवा. वेग दीडपट झाला, अवरोध १.५ चा वर्ग म्हणजे २.२५ पट झाला आणि शक्ती १.५ चा घन म्हणजे जवळजवळ ३.४ पट झाली. रस्त्यावर दीडपट वेगाने चालायला इतकी किंमत पडत नाही. पाण्यात पडते, कारण तेथे प्रत्येक वाढीव पावलाला आपण पाणीच दूर लोटत असतो. शिवाय पोहणाऱ्याने खर्च केलेल्या ऊर्जेचा दहावा हिस्सासुद्धा पुढे जाण्याच्या कामी येत नाही. बाकीची उष्णतेत आणि पाणी ढवळण्यात जाते.

हा अवरोध शाळेतही दाखवता येतो. पाण्याच्या हौदात जाड पुठ्ठ्याचा किंवा पातळ फळीचा तुकडा उभा धरून हळू ओढा, नंतर वेगाने ओढा. मग तोच तुकडा आडवा, पाण्याच्या पातळीला समांतर धरून ओढा. ताणकाटा असेल तर आकडे मिळतील, नसेल तर हातालाच फरक कळेल. विहिरीत शिकलेल्या माणसाची अडचण येथे लक्षात येते. आठ-दहा मीटर व्यासाच्या विहिरीत सरळ रेषेत पोहण्याची वेळच येत नाही. डोके पाण्यावर ठेवून पोहण्याची सवय लागते. डोके वर राहिले की कंबर आणि पाय खाली जातात आणि आपण आडव्या फळीऐवजी तिरकी फळी ओढू लागतो. विहीर भीती घालवते आणि तरंगणे शिकवते, पण पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला ती शिकवत नाही. म्हणून वेगाचा सराव करू इच्छिणाऱ्या प्रौढाने सुरुवातीचे काही आठवडे केवळ शरीर आडवे ठेवण्यावर आणि पाण्यात श्वास सोडण्यावर घालवावेत असे आम्हाला वाटते. स्नायू तेवढेच राहूनही वेळ कमी होतो, आणि ही सर्वांत स्वस्त सुधारणा आहे.

आता हात जड का होतात ते पाहू. स्नायूंना आकुंचनासाठी लागणारी ऊर्जा एटीपी या रेणूपासून मिळते. स्नायूत साठवलेला एटीपी जोराच्या हालचालीला दोन-तीन सेकंदच पुरेल एवढा असतो. तो संपण्याआधीच क्रिएटिन फॉस्फेट नावाचे दुसरे संयुग आपला फॉस्फेट देऊन एटीपी पुन्हा तयार करू लागते. पूर्ण जोर लावला तर हा साठाही आठ-दहा सेकंदांत बराचसा खर्च होतो. त्याच वेळी स्नायूतील ग्लायकोजेनचे प्राणवायूविना विघटन सुरू झालेले असते. त्यातून एटीपी झपाट्याने मिळतो, पण सोबत लॅक्टेट तयार होते आणि स्नायूतील आम्लता वाढते. प्राणवायू वापरून होणारे ऊर्जानिर्माण सर्वांत किफायतशीर आहे, पण ते गती घ्यायला वेळ लावते. सुमारे ४५ सेकंदांच्या पूर्ण जोराच्या प्रयत्नात त्याचा वाटा साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडा अधिक असतो.

शिक्षकांचे पंधरा-वीस मीटर म्हणजे बारा ते सोळा सेकंद. क्रिएटिन फॉस्फेटचा साठा उतरणीला लागण्याची हीच वेळ. मोकळे झालेले फॉस्फेट स्नायूत साचतात आणि आकुंचनाची यंत्रणा मंदावतात, आम्लताही वाढत जाते. त्यातच प्रौढ नवशिका वेगाच्या भरात श्वास रोखून धरतो. सगळे एकदम अंगावर येते. यात वयाचा दोष थोडा आहे. मोठा दोष असा की सावकाश पोहण्यात या यंत्रणेवर ताण कधी पडलेलाच नव्हता.

येथे लॅक्टिक आम्लाबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण आपल्या वर्गात आणि व्यायामशाळेत त्याच्याविषयी एक जुना समज पक्का बसला आहे. स्नायूतील उष्णता आणि लॅक्टिक आम्ल यांवरील कामासाठी आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहॉफ यांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर अनेक दशके लॅक्टिक आम्ल म्हणजे थकव्याचे विष असे शिकवले गेले. आज आपल्याला ठाऊक आहे की लॅक्टेट हे इंधन आहे. एका स्नायूत तयार झालेले लॅक्टेट रक्तावाटे हृदयाकडे आणि इतर स्नायूंकडे जाते आणि तेथे जाळले जाते, काही यकृतात पुन्हा ग्लुकोज बनते. तासाभरात रक्तातील प्रमाण जवळजवळ पूर्ववत होते, आणि हळूहळू पोहत राहिल्यास त्याहून लवकर होते. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते ते लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे, हे म्हणणे चुकीचे आहे. ते दुखणे स्नायू ताणला जात असताना जोर लावल्याने होणाऱ्या सूक्ष्म इजांचे असते. गड उतरल्यावर मांड्या दुखतात त्या यामुळेच. पोहण्यात अशा हालचाली कमी असल्याने अंगदुखी कमी होते, आणि हाच धोका आहे. दुखत नाही म्हणून माणूस सराव वाढवत नेतो आणि भलतीकडेच तक्रार सुरू होते. तिकडे पुढे येऊच.

सरावाला लागल्यावर शरीर बदलते ते सगळे एकाच वेळी नाही. पहिला बदल रक्तात होतो. जोराचा व्यायाम सुरू केल्यावर काही दिवसांतच रक्तातील द्रवभाग वाढतो आणि हृदयाला एका ठोक्यात अधिक रक्त ढकलता येते. दुसरा बदल चेतासंस्थेतला, आणि आमच्या मते तो सर्वांत मनोरंजक आहे. प्रत्येक प्रेरक चेतापेशी स्नायूतील काही तंतूंच्या गटाला आज्ञा देते. हलके काम असेल तेव्हा लहान चेतापेशी आणि त्यांचे सावकाश आकुंचन पावणारे, न थकणारे तंतू कामाला लागतात. जोर वाढत गेला की क्रमाक्रमाने मोठ्या चेतापेशी आणि त्यांचे जलद, बलवान पण लवकर थकणारे तंतू जागे होतात. हा क्रम अमेरिकन शास्त्रज्ञ एलवुड हेनेमन यांनी दाखवून दिला. याचा अर्थ असा, की वीस वर्षे सावकाश पोहणाऱ्या माणसाच्या खांद्यातील जलद तंतूंना वीस वर्षांत फारसे कोणी बोलावलेलेच नाही. पटावर नाव आहे, पण हजेरी नाही अशी त्यांची स्थिती! वेगाच्या सरावाचे पहिले तीन ते सहा आठवडे जातात ते या तंतूंना बोलावणे, एकाच वेळी बोलावणे आणि विरुद्ध बाजूच्या स्नायूंना गप्प बसवणे यात. या काळात दंडाचा घेर वाढत नाही, तरी जोर वाढतो.

तिसरा बदल स्नायूपेशींच्या रसायनात होतो. ग्लायकोजेन फोडणारी विकरे वाढतात, आम्लता सोसण्याची क्षमता वाढते आणि, पूर्वी अनपेक्षित वाटेल असे म्हणजे, प्राणवायू वापरणाऱ्या तंतुकणिकाही वाढतात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. त्यांनी तरुणांना दोन आठवड्यांत सहा वेळा स्थिर सायकलवर ३० सेकंदांचे पूर्ण जोराचे झपाटे मारायला लावले. सगळे झपाटे मिळून जेमतेम पंधरा मिनिटांचा व्यायाम. तेवढ्याने स्नायूंतील प्राणवायू वापरणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराची क्रिया ३८ टक्क्यांनी वाढली आणि ठरावीक भार थकेपर्यंत पेलण्याचा त्यांचा काळ सरासरीने दुप्पट झाला. प्रयोग लहान होता आणि सायकलवरचा होता, त्यामुळे तो जसाच्या तसा पोहण्याला लावू नये. तरी दिशा स्पष्ट आहे.

स्नायूचे तंतू जाड होणे हा यानंतरचा बदल. तो डोळ्यांना दिसायला दीड-दोन महिने लागतात, प्रौढात थोडे अधिक. सर्वांत शेवटी बदलतात कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे पट्टे. त्यांच्यात रक्तपुरवठा कमी, चयापचय मंद, म्हणून त्यांना बळकट व्हायला महिनोन्महिने लागतात. धोका नेमका येथे आहे. सहाव्या-आठव्या आठवड्यात चेतासंस्था आणि स्नायू जोर देऊ लागलेले असतात, माणसाचा उत्साह वाढलेला असतो, आणि तो जोर पेलणारी दोरी मात्र जुनीच असते.

पोहणाऱ्यांचे हे दुखणे बहुतेक वेळा खांद्यात प्रकटते. खांद्याचा सांधा म्हणजे छोट्या बशीत ठेवलेला मोठा चेंडू. त्याला जागेवर ठेवण्याचे काम मुख्यतः चार लहान स्नायू आणि त्यांच्या कंडरा करतात. प्रौढ नवशिका २५ मीटरला साधारण २५ हात मारतो. म्हणजे १००० मीटरला हजार हात, एका खांद्याच्या वाट्याला पाचशे. आठवड्यातून तीनदा पोहले तर दीड हजार. शिक्षकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. तासन्‌तास पुढे वाकून वह्या तपासल्याने पाठीचा वरचा भाग पुढे झुकलेला आणि आखडलेला असतो. त्या अवस्थेत हात डोक्यावरून पुढे नेला की कंडरा हाडाच्या कमानीखाली घासली जाते. म्हणून पाठ मागे ताणण्याचे आणि खांद्याची पाती मागे खेचण्याचे व्यायाम पाण्यात उतरण्याआधी महिनाभर सुरू करावेत. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखे दुखू लागले, रात्री त्या कुशीवर झोपवेना, तर वेगाचा सराव तेथेच थांबवायचा. ‘सरावाने जाईल’ हा सल्ला येथे लागू नाही.

घोट्याचाही असाच एक मजेदार प्रश्न आहे. पाय मारताना पाऊल मागे, बोटे सरळ ताणलेली हवीत. प्रौढांचे घोटे तसे वाकत नाहीत, पाऊल काटकोनात राहते आणि पाय मारूनही माणूस जागेवरच राहतो. क्वचित मागेही सरकतो! उकिडवे बसण्याच्या आपल्या सवयीने घोटा वाकतो तो विरुद्ध दिशेला, त्यामुळे तिचा येथे उपयोग नाही. वज्रासनाचा मात्र होतो. रोज दोन-तीन मिनिटे वज्रासनात बसण्याने काही महिन्यांत फरक पडतो. गुडघेदुखी असणाऱ्यांनी हे करू नये.

आता वयाकडे वळू. तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान हळूहळू घटते आणि ही घट जलद तंतूंमध्ये अधिक असते. हृदयाचा कमाल वेगही कमी होत जातो. २२० वजा वय हे सूत्र सर्वांना ठाऊक आहे, पण ते सरासरीचे सूत्र आहे, व्यक्तीव्यक्तींत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. पाण्यात तर कमाल ठोके जमिनीवरच्या व्यायामापेक्षा साधारण दहाने कमी भरतात. हे सगळे खरे असले, तरी जलद तंतूंच्या घटीत वयाचा वाटा किती आणि न वापरण्याचा किती, हा प्रश्न उरतोच.

याचे उत्तर काही व्यक्तींच्या उदाहरणांत थोडेफार सापडते. आपल्या जवळचे उदाहरण मुरलीकांत पेटकर यांचे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे हे जवान सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कमरेखालचा भाग निकामी झाला. उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पाणी जवळ केले. १९६८ मध्ये तेल अवीव येथील अपंगांच्या जागतिक स्पर्धेत ते टेबल टेनिस खेळले, आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी आपल्या गटात ५० मीटर मुक्तशैलीचे सुवर्णपदक जागतिक विक्रमासह जिंकले. वेळ होती ३७.३३ सेकंद. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. पुढे ते पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या वेळेचे गणित करून पाहा. ५० भागिले ३७.३३ म्हणजे सेकंदाला १.३४ मीटर. वरच्या उदाहरणातील शिक्षकाला धडधाकट पायांनी जो १.२५ मीटरचा वेग गाठायचा आहे, त्याहून हा अधिक, आणि तोही पाय न मारता. निकामी पाय नुसतेच मदत करत नाहीत असे नाही, ते खाली लोंबकळून अवरोध वाढवतात. तेव्हा सर्व शक्ती खांदे, छाती आणि पाठ यांतून आलेली. मुक्तशैलीत शरीर पुढे जाते ते मुख्यतः हातांच्या जोरावर, हे पाठ्यपुस्तकातील विधान पटवून द्यायला याहून बोलके उदाहरण आम्हाला माहीत नाही. आणि हे घडले ते विशीत जखमी होऊन नव्याने घडवलेल्या शरीरात.

दुसरे उदाहरण कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ते पोहले तेव्हा वय होते सोळा. २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले. १९८६ मध्ये खजान सिंग यांनी रौप्य जिंकल्यानंतर चोवीस वर्षांनी पोहण्यात भारताला आलेले हे पदक. पुढे ते महाराष्ट्र शासनात तहसीलदार झाले आणि काही काळ तलावापासून दूर राहिले. नंतर पुन्हा सराव करून २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ते ५० मीटर मुक्तशैलीत उतरले, प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत २२.४७ सेकंदांत चौथे आले. कांस्यपदक २२.४६ ला गेले. सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे त्या वेगाला सुमारे २.२ सेंटिमीटर, बोटाच्या एका पेराएवढे अंतर. २०२३ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी हीच शर्यत जिंकली, आणि महिलांची ५० मीटर मुक्तशैली त्यांच्या पत्नी ऋजुता खाडे यांनी जिंकली.

जगात पाहिले तर अमेरिकेच्या डारा टोरेस यांनी २००८ मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी ऑलिंपिकमध्ये ५० मीटरचे रौप्य जिंकले. सुवर्ण हुकले तेही ०.०१ सेकंदाने. त्यांचेच देशबंधू अँथनी अर्विन यांनी ही शर्यत २००० मध्ये एकोणिसाव्या वर्षी बरोबरीत जिंकली, मध्ये अनेक वर्षे स्पर्धा सोडली आणि २०१६ मध्ये पस्तिसाव्या वर्षी पुन्हा जिंकली, आणि योगायोग असा की फरक पुन्हा ०.०१ सेकंदाचाच. ही माणसे असामान्य आहेत आणि त्यांचे पाये लहानपणी घातलेले होते, हे विसरून चालणार नाही. आपल्याला त्यांच्यापासून घ्यायचे ते एवढेच की पस्तिशी-चाळिशीत जलद तंतू मेलेले नसतात.

प्रत्यक्ष सरावाबाबत सर्वांत मोठा गैरसमज विश्रांतीचा आहे. दमेपर्यंत फेऱ्या मारणे म्हणजे वेगाचा सराव अशी समजूत असते. खरे पाहता क्रिएटिन फॉस्फेटचा साठा ढोबळमानाने दर ३० सेकंदांनी उरलेल्या तुटीच्या निम्मा भरून येतो. म्हणजे अर्ध्या मिनिटात ५० टक्के, एका मिनिटात ७५, दीड मिनिटात साडेसत्याऐंशी आणि दोन मिनिटांत सुमारे ९४ टक्के. किरणोत्सारी पदार्थाचा अर्धायुकाल शिकवताना हे उदाहरण वर्गात चांगले उपयोगी पडेल. दहा सेकंद विश्रांती घेऊन पुढचा झपाटा मारला, तर तो वेगाचा राहतच नाही. जलद तंतू थकलेले असतात आणि आपण पुन्हा जुन्या सावकाश तंतूंनाच राबवतो. त्यामुळे प्रौढाने सुरुवातीला अर्धा तास सावकाश पोहून अंग गरम झाल्यावर १५ मीटरचे चार ते सहा झपाटे मारावेत, प्रत्येकानंतर दोन-तीन मिनिटे थांबावे किंवा अगदी हळू पोहावे. असे आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान दोन दिवस सोडून. एका दिवसाचे वेगाचे अंतर ६० ते ९० मीटरच भरते. इतके कमी पाहून मंडळी हिरमुसतात, पण तीन-चार आठवडे तरी त्यात भर घालू नये. नंतर अंतर २५ मीटरवर न्यावे, आणि ५० मीटर पूर्ण जोराने मारायची घाई तीन महिने करू नये. कंडरांचे वेळापत्रक लक्षात घेऊनच हा काळ सांगितला आहे.

जवळ तलाव नसेल आणि रविवारीच जाता येत असेल, तर मधल्या दिवशी सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधावी, कमरेत वाकून हात पाण्यात ओढल्यासारखा दहा सेकंद जोराने ओढावा आणि दोन मिनिटे थांबावे. चेतासंस्थेला त्याने बोलावणे जात राहते.

प्रगती मोजायला घड्याळ पुरत नाही. वेग म्हणजे एका हातात कापलेले अंतर गुणिले सेकंदाला मारलेले हात. २५ मीटरला २० सेकंद आणि २५ हात लागले, तर हाताची लांबी १ मीटर आणि सेकंदाला सव्वा हात. थकल्यावर काय होते ते विद्यार्थ्यांकडून मोजून घ्या. हातांचा दर टिकून राहतो, लांबी घटते, हात पाण्यातून नुसता घसरतो. एका झपाट्यात हातांची संख्या दोन-तीनने वाढली की त्या दिवसाचा वेगाचा सराव संपला असे समजावे.

धोक्याच्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय लेख छापायला देणे योग्य होणार नाही. पहिली हृदयाची. गळ्यापर्यंत पाण्यात उतरले की पाण्याच्या दाबाने पायांतील आणि पोटातील रक्त छातीकडे ढकलले जाते. ही वाढ सुमारे ७०० मिलिलिटर इतकी मोजली गेली आहे. निरोगी हृदय ते सहज पेलते. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्या चाळिशीपुढच्या माणसाने मात्र डॉक्टरांकडून तपासणी करून घेतल्याशिवाय पूर्ण जोर लावू नये. छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, न शोभणारा दम यांपैकी काही जाणवले तर पाण्याबाहेर यावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुसरी गोष्ट श्वासाची. काही जण झपाट्याआधी भराभर दीर्घ श्वास घेतात आणि एका श्वासात फेरी मारायचा प्रयत्न करतात. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. भराभर श्वासोच्छ्वासाने हा वायू बाहेर टाकला जातो, प्राणवायूचा साठा मात्र त्याने फारसा वाढत नाही. मग पाण्यात प्राणवायू धोक्याच्या पातळीखाली गेला, तरी मेंदूला इशारा मिळत नाही आणि माणूस कसलीही पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध होतो. कमरेएवढ्या पाण्यातही असे मृत्यू होतात. पोहणारा तरबेज असणे हे येथे संरक्षण नसून उलट जोखीम आहे. हा भाग मुलांना सांगाच, कारण एका दमात तळ गाठण्याच्या पैजा विहिरींवर आजही लागतात.

नदीत किंवा कालव्यात वेगाचा सराव करावा का, असेही विचारले गेले आहे. करू नये. मुळा-मुठेतून पुण्याचे सांडपाणी भीमेला मिळते आणि दौंडकडे येते, जलपर्णीचे थर त्याची साक्ष देतात. वाळू उपशाने पात्रात पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. कालव्याचे अस्तर निसरडे असते आणि थकलेल्या हातांनी त्यावर चढता येत नाही.

शेवटी खंडाविषयी. शिक्षकांचे वर्ष सलग नसते. परीक्षा, उत्तरपत्रिका, निवडणुकीची कामे यांत दीड-दोन महिने सहज मोडतात. सराव थांबला की रक्तातील वाढलेला द्रवभाग दोनेक आठवड्यांत उतरतो, विकरे काही आठवड्यांत. चेतासंस्थेने शिकलेले कौशल्य मात्र बराच काळ टिकते. त्यामुळे परत आल्यावर पहिल्याच दिवशी हात पूर्वीसारखे चालतात आणि दम पुरत नाही. कंडराही सैलावलेल्या असतात, त्या मात्र काही कळवत नाहीत. म्हणून खंड महिन्याहून मोठा असेल तर निम्म्या झपाट्यांपासून, आणि पुन्हा १५ मीटरपासून सुरुवात करावी, आणि जुन्या मापावर यायला निदान खंडाइतकाच काळ द्यावा.